परवान्यातले स्वातंत्र्य आणि दप्तरातले पारतंत्र्य

संस्था माणसांवर चालतात हे खरे. पण त्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात त्या दप्तरावर. रक्तदात्यांची सूची, वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या नोंदी, फिरत्या दवाखान्यात आलेल्या रुग्णांची वही, गावच्या वाचनालयातील देवघेव, देणगीदारांची पत्ते-यादी. सेवाकार्याचा हा कणा वरून कुणाला दिसत नाही, परंतु तो वाकला की काम कोलमडते. ज्याच्या कपाटाची किल्ली परक्याच्या खिशात आहे, त्याने आपले घर सुरक्षित मानू नये, हा साधा व्यवहार आहे. मात्र संगणकावरच्या दप्तराच्या बाबतीत हाच व्यवहार सोयीस्करपणे विसरला जातो.

जुलै २०२५ मध्ये त्याची आठवण करून देणारी एक घटना घडली. गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची मोठी भागीदारी आहे. युरोपीय संघाने त्या कंपनीवर निर्बंध लादले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसारख्या दैनंदिन सेवा बंद केल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण भारतात, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या एका उद्योगाचा पत्रव्यवहार परदेशातील निर्णयाने थांबू शकतो, हे त्या काही दिवसांनी दाखवून दिले. त्यानंतर स्वदेशी आणि मुक्तस्रोत आज्ञावलींविषयी पुन्हा एकदा बोलले जाऊ लागले. ही चर्चा स्वागतार्हच आहे. मात्र तिच्यात एक प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही: ज्या साध्या माणसाने ही मुक्त साधने वापरायची, त्याला ती वापरता येतात काय?

वाचनालयाचे उदाहरण

महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांची चळवळ खेडोपाडी पोहोचली. ‘क’ वा ‘ड’ वर्गातील एखादे वाचनालय डोळ्यांसमोर आणावे. तेथील ग्रंथपाल बहुधा अल्प मानधनावर काम करणारा, पुस्तकांवर प्रेम करणारा गृहस्थ असतो. संगणक मिळाला की तो पुस्तकांची यादी एक्सेलसारख्या तक्त्यात भरतो. प्रारंभी सारे सुरळीत चालते. मग एकाच वाचकाचे नाव कुठे ‘कुलकर्णी वि. म.’, कुठे ‘विनायक कुलकर्णी’ असे दोन-तीन प्रकारे नोंदले जाते. पत्ता बदलला की तो चार ठिकाणी बदलावा लागतो आणि त्यातली एक जागा हमखास राहून जाते. कुणीतरी एकच रकाना निवडून अकारविल्हे लावतो आणि एकाच्या नावावर दुसऱ्याचे पुस्तक चढते.

यावरचा उपाय संगणकशास्त्राने केव्हाच दिला आहे. १९७० मध्ये आयबीएममधील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत ठेवण्याची पद्धत मांडली. वाचकांचा एक तक्ता, पुस्तकांचा दुसरा, देवघेवीचा तिसरा. वाचकाचे नाव एकदाच लिहायचे. देवघेवीत त्याचा केवळ क्रमांक येतो. डेटाबेस म्हणतात तो हाच. मोठ्या बँकांपासून रेल्वे आरक्षणापर्यंत असंख्य व्यवहार याच तत्त्वावर उभे आहेत. हे सामर्थ्य सामान्य माणसाच्या मेजावर आणण्याचे मोठे काम मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेसने केले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९९२ मध्ये आलेल्या या आज्ञावलीने आज्ञांची भाषा न शिकता तक्ते, फॉर्म आणि अहवाल तयार करण्याची सोय दिली. आजही ॲक्सेसमध्ये कोरा तक्ता उघडताच माणूस लिहू लागतो. नोंदीला क्रमांक देण्याचे काम आज्ञावली स्वतःहून करते.

परंतु ही सोय विंडोज प्रणालीपुरतीच आहे आणि तिची किंमतही मोजावी लागते. शिवाय ॲक्सेस ९७ मध्ये जपलेली धारिका २०१३ ची आणि त्यानंतरची आवृत्ती उघडतच नाही. दप्तर संस्थेचे, त्यातली अक्षरे संस्थेची. परंतु ती किती वर्षे वाचता यावीत हे ठरविणारा मात्र तिसराच. युनिकोडपूर्व काळातील निरनिराळ्या मराठी फॉन्टांत टंकलेली कागदपत्रे उघडल्यावर आज जी अगम्य चिन्हे दिसतात, त्यांचा मनस्ताप सोसलेल्या संस्थांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दारातच अडखळण

ॲक्सेसला मुक्तस्रोत जगाने दिलेला सर्वांत परिचित पर्याय म्हणजे ‘बेस’. ऑक्टोबर २००५ मध्ये ओपनऑफिसच्या दुसऱ्या आवृत्तीत तो प्रथम आला. २०१० मध्ये बर्लिनस्थित डॉक्युमेंट फाउंडेशनच्या छत्राखाली लिब्रेऑफिस वेगळे झाले, तेव्हापासून तो त्यातही आहे. परवाना विनामूल्य, मूळ आज्ञा सर्वांसाठी खुल्या, विंडोज असो वा लिनक्स, दोन्हींवर चालणारा. तत्त्वतः यात कोणतेही न्यून काढता येणार नाही.

मात्र आपला ग्रंथपाल बेस उघडतो तेव्हा काय घडते? पहिल्याच पडद्यावर त्याला विचारले जाते, नवा डेटाबेस करायचा, जुना उघडायचा, की अन्य एखाद्या डेटाबेसला जोडून घ्यायचे? जोडणीच्या यादीत ओडीबीसी, जेडीबीसी अशी नावे असतात. पुढचा प्रश्न असतो, हा डेटाबेस ‘रजिस्टर’ करायचा काय? रजिस्टर म्हणजे नोंदवही एवढेच ठाऊक असलेल्या माणसाला या प्रश्नाचा बोध होत नाही. मग एक अक्षरही लिहिण्याआधी धारिका जतन करावी लागते. संगणकावर जावा नसेल तर बेसचे नेहमीचे अंतर्गत इंजिन चालत नाही आणि ही जावा लिब्रेऑफिसबरोबर येत नाही. ती स्वतंत्रपणे शोधून बसवावी लागते.

हे सारे पार पडले की तक्त्यातील रकान्यांचे प्रकार निवडायचे. मजकुरासाठी व्हारकॅर, कॅर, लाँगव्हारकॅर. आकड्यांसाठी टायनी, स्मॉल, बिग अशा इंटिजरांची रांग. रकाने ठरवून तक्ता जतन करताना सूचना येते की ‘प्रायमरी की’ दिलेली नाही. ग्रंथपालाने ती सूचना दूर सारली, तर तक्ता तयार होतो. परंतु त्यात एकही नोंद भरता येत नाही. का, याचे उत्तर त्याला पडद्यावर सापडत नाही. तिथेच तो संगणक बंद करून पुन्हा एक्सेलकडे वळतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट माहितीच्या सुरक्षिततेची आहे. बेसची सारी माहिती एका दाबून बांधलेल्या धारिकेत राहते. काम चालू असताना वीज गेली, किंवा आज्ञावली नीट बंद झाली नाही, तर दिवसभराच्या नोंदींना धोका पोहोचू शकतो. महत्त्वाची माहिती स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवावी, असा जाणकारांचा सल्ला असतो. पण तो सल्ला ज्याला अंमलात आणता येईल, त्याला बेसची गरज फारशी नसतेच. बेसचे अंतर्गत इंजिन जुने झाले म्हणून २०१४ च्या ४.२ आवृत्तीत फायरबर्ड हा पर्याय प्रायोगिक स्वरूपात आला; तो बदल मात्र पूर्णत्वास गेला नाही.

उणीव बुद्धीची नव्हे, भाषेची

या साऱ्याचा निष्कर्ष ‘ग्रंथपाल अडाणी आहे’ असा काढणे हा त्याच्यावर अन्याय होईल. प्रायमरी की म्हणजे काय? प्रत्येक नोंदीला असा एक क्रमांक, जो दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. हे तत्त्व ग्रंथपालाला संगणकाच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे; तो त्याला ‘दाखल क्रमांक’ म्हणतो. एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींना दोन दाखल क्रमांक लागतात, हेही त्याला कुणी शिकवावे लागत नाही. आज्ञावलीने ‘प्रत्येक नोंदीला आपोआप दाखल क्रमांक द्यावा काय?’ एवढेच विचारले असते, तर तो क्षणात ‘होय’ म्हणाला असता. कल्पना त्याच्याजवळ आहे; त्याला परका वाटतो तो प्रश्न विचारण्याचा ढंग.

छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला, त्यामागील दृष्टी येथे आठवावी. कारभारातील फारसी संज्ञांना त्या कोशाने संस्कृत प्रतिशब्द दिले. गड जिंकल्याने स्वराज्य येते, पण ते नांदते कारभाराच्या भाषेत, हे महाराजांनी ओळखले होते. मात्र नुसता प्रतिशब्द बसवला की काम भागते, असेही नाही. प्रायमरी कीच्या जागी ‘प्राथमिक कुंजी’ लिहिल्याने ग्रंथपालाच्या पदरी काहीच पडत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘दिनांक’, ‘महापौर’ हे शब्द रुळले, कारण ते सुटसुटीत होते आणि रोजच्या वापरात आले. संगणकाच्या मराठीकरणालाही हीच कसोटी लावली पाहिजे.

असे का घडते?

मुक्तस्रोत आज्ञावली स्वयंसेवी वृत्तीने घडतात आणि जो तो स्वतःला जाणवणारी अडचण आधी सोडवतो. म्हणूनच पोस्टग्रेएसक्यूएल, मारियाडीबी, एसक्यूलाइट ही तज्ज्ञांच्या वापराची मुक्त इंजिने जगातील कोणत्याही महागड्या आज्ञावलीशी बरोबरी करतात. परंतु एसक्यूएल भाषा येणाऱ्या प्रोग्रामरला फॉर्मची अडचण भासत नाही आणि ज्याला ती भासते त्याला प्रोग्राम लिहिता येत नाही. या दोघांमध्ये पूल नाही. केक्सी, ग्लोम यांसारखे प्रयत्न सोपेपणाचे ध्येय ठेवून निघाले. पुरेशा मनुष्यबळाअभावी ते सर्वदूर पोहोचले नाहीत.

हा दोष मुक्ततेचाच आहे, असे मात्र मानू नये. ब्लेंडर ही त्रिमिती चित्रांची मुक्त आज्ञावली एकेकाळी किचकटपणासाठी प्रसिद्ध होती. तिच्या संस्थेने चित्रकार आणि प्रोग्रामर यांना एकत्र बसवून लघुचित्रपट निर्माण केले. चित्रकार अडला की तेथेच दुरुस्ती झाली. २०१९ मध्ये २.८ आवृत्तीने तिचे रूपच पालटले. २०२५ मध्ये ऑस्कर मिळविणारा ‘फ्लो’ हा लाटवियाचा ॲनिमेशनपट याच आज्ञावलीवर तयार झाला. वापरणारा आणि घडविणारा शेजारी बसले की काय घडते, त्याचे हे उदाहरण आहे. आपल्या परिभाषेत सांगायचे तर ही संपर्काची किमया आहे.

घोषणेपलीकडची स्वदेशी

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिब्रेऑफिस बेसचेही धडे तयार केले आणि ते भारतीय भाषांत आणले, हे कौतुकास्पद आहे. परंतु उंबरठा उंचच ठेवायचा आणि उडी मारण्याचे वर्ग घ्यायचे, ही व्यवस्था कायमची असू शकत नाही. उंबरठाच खाली आणला पाहिजे. भारतीय कंपनीची आज्ञावली घेतली की प्रश्न सुटला, असेही काहींना वाटते. भारतीय उद्योग वाढलेच पाहिजेत; तरीही बंद आज्ञावली देशी असली, तरी दप्तराची किल्ली संस्थेबाहेरच राहते, हे विसरून चालणार नाही. रक्तदात्यांची वा रुग्णांची माहिती सांभाळणाऱ्या संस्थांची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने वाढविली आहे. आपली माहिती कोठे आहे, हे त्यांना सांगता आलेच पाहिजे.

यासाठी फार मोठ्या निधीची गरज नाही. पुणे, मुंबई, नागपूर येथे आणि परदेशातही संगणक क्षेत्रात नाव मिळविलेले हजारो मराठी अभियंते आहेत आणि त्यांतील अनेकांची समाजासाठी वेळ देण्याची तयारीही असते. त्यांनी वाचनालय, रक्तदाता-सूची, वसतिगृह यांसाठी बेसमध्ये तयार नमुने करून द्यावेत. त्यांत नावाचे तीन भाग असावेत, पत्त्यात मु. पो., तालुका, जिल्हा यांचे रकाने असावेत, तारीख भारतीय क्रमाने यावी, माहिती सुरक्षित इंजिनात राहावी आणि रोजची प्रत आपोआप निघावी. हे नमुने देऊन थांबू नये. एक दिवस ग्रंथपालाच्या शेजारी बसून तो नेमका कोठे थबकतो, याची टिपणे काढावीत. ती टिपणे डॉक्युमेंट फाउंडेशनच्या दोषनोंदीत कुणालाही पाठविता येतात आणि मराठी भाषांतराचे कामही स्वयंसेवकांसाठी खुले आहे. जी संस्था परवान्यांवर खर्च करीत होती, तिने त्याचा थोडा अंश या कामाला द्यावा. ‘फुकट मिळाले’ म्हणून घ्यायचे आणि उणिवांबद्दल नाके मुरडायची, ही वृत्ती स्वदेशीच्या विचाराला शोभणारी नाही.

मुक्त आज्ञावलीचा परवाना सर्वांना समान अधिकार देतो. पण जो अधिकार वापरता येत नाही, तो कागदावरच राहतो. तालुक्याच्या गावातील ग्रंथपालाने कुणाचीही मनधरणी न करता आपल्या वाचनालयाचे दप्तर स्वतः मांडले, वीस वर्षांनी त्याच्या जागी आलेल्या तरुणाला ते जसेच्या तसे उघडता आले, तरच या क्षेत्रातील स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने पदरात पडले असे म्हणता येईल. ते कुणी परदेशातून आणून देणार नाही. शेजारी बसण्याची तयारी असलेला कार्यकर्ताच ते घडवू शकतो.