पाटी रस्त्यावर, गिऱ्हाईक फोनमध्ये



कापूस विकायला आपल्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. गाडी जिनिंगच्या दारात नाही तर बाजार समितीच्या आवारात उभी करायची, सांगितलेला भाव ऐकायचा आणि मुकाट्याने घरी यायचे. पिढ्यान्‌पिढ्यांची ही सवय. म्हणून आपल्यातला कोणी तुरीऐवजी डाळ, करडईऐवजी घाण्याचे तेल किंवा ज्वारीऐवजी पीठ विकू लागला, की माल तयार होतो पण दारात गिऱ्हाईक येत नाही. ते कसे आणायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही.

आमच्याच एका गटाचे उदाहरण घ्या. तालुक्याच्या रस्त्याला घाणा, पत्र्याची रंगवलेली मोठी पाटी, तेल चोख. पण शहरातला माणूस आता पाटी वाचत नाही, फोन काढून ‘जवळचा तेलघाणा’ असे शोधतो. त्याला दिसायचे शहरातले एक दुकान, जे याच घाण्याचे तेल बाटल्यांत भरून विकत होते. तेल आपले, नाव दुसऱ्याचे आणि वरचा पैसाही दुसऱ्याचा!

गटाने मग एका एजंटाला पैसे दिले. ‘गूगलवर पहिला नंबर आणून देतो’ ही त्याची बोली. नोंद झाली, फोनही येऊ लागले. पण नोंद एजंटाच्या खात्यावर होती. वर्ष सरल्यावर त्याने जास्त पैसे मागितले. गटाने नाही म्हणताच नोंदीवरचा फोन नंबर बदलला आणि घाण्याचा फोन मुका झाला. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून जमीन कसावी, तसला हा व्यवहार. आम्हीही गटाला वेळीच सावध केले नाही, हे कबूल केले पाहिजे.

सबब, मुळातले समजून घेऊ. गूगलच्या नकाशावर धंद्याची नोंद करायला एक पैसाही लागत नाही. २०१४ साली ही सोय ‘गूगल माय बिझनेस’ नावाने सुरू झाली. २०२१ पासून तिला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. कोणाची नोंद वर दिसेल हे प्रामुख्याने तीन गोष्टींवर ठरते: शोधणाऱ्याला जे हवे ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती अंतरावर आहात आणि तुमचा धंदा किती नावाजलेला आहे. पैसे भरून हा क्रम वर नेता येत नाही, असे गूगलच सांगते. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि ती वेगळी दाखवलेली असते. तेव्हा पहिल्या नंबरची हमी देणारा माणूस आपल्या हातात नसलेली वस्तू विकतो आहे, हे ओळखा.

आता काम. खाते गटाच्या नावाने उघडा. गटातल्या दोघांना मालक म्हणून नोंदवा. बाहेरच्याची मदत घ्यायचीच तर त्याला फक्त व्यवस्थापक करा. नाव पाटीवर आहे तेच लिहा; त्यात ‘शुद्ध’, ‘स्वस्त’, ‘नंबर एक’ असली शेपटे जोडणे नियमात बसत नाही. धंद्याचा प्रकार अचूक निवडा: पिठाची गिरणी वेगळी, डाळ मिल वेगळी. गावात घर नंबर नसतो, म्हणून नकाशावरची खूण स्वतः जागेवर उभे राहून लावा. पडताळणीसाठी बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी, यंत्र आणि तुम्ही कुलूप उघडताना दिसले पाहिजे. वेळ खरी लिहा. हुरड्याचा मळा हंगाम सरल्यावर ‘तात्पुरता बंद’ दाखवा. वीस कोस येऊन रिकामे फड पाहणारा पुन्हा येत नाही.

गिऱ्हाईकाला अभिप्राय लिहायला जरूर सांगा. मात्र त्यासाठी तेल स्वस्त देऊ नका आणि भाच्या-पुतण्यांकडून खोटे लिहून घेऊ नका. दोन्ही नियमाविरुद्ध आहे आणि नोंद अडचणीत येते. कोणी वाईट लिहिले तर भांडू नका. चूक असेल तर कबूल करा आणि काय सुधारले ते लिहा.

यातून काय होणार नाही, तेही सांगितले पाहिजे. कपाशीचा भाव या नोंदीने एक रुपयानेही वाढणार नाही. पुण्यात बसून ‘जवळचा घाणा’ शोधणाऱ्याला आपले गाव दिसणार नाही. खवट तेल तर कोणत्याच नकाशाने खपत नाही. पण तालुक्याचे गिऱ्हाईक आणि रस्त्याने जाणारा प्रवासी हे आपले हक्काचे आहेत. ते केवळ आपले नाव सापडत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारात जावेत, हे आता परवडणारे नाही. बोलणाऱ्याची मातीही खपते, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

म्हणून जिल्हा बैठकीला येण्यापूर्वी प्रत्येक तालुक्याने एक काम करावे. आपल्या भागातले घाणे, डाळ मिल, गिरण्या आणि हुरड्याचे मळे यांची यादी करावी. प्रत्येकाची नोंद आहे का आणि खाते कोणाच्या हातात आहे, ते समोर लिहावे. ज्यांचे खाते दुसऱ्याच्या हातात आहे, त्यांचे काम बैठकीत सर्वांत आधी घेऊ. गावातली कॉलेजात जाणारी पोरे-पोरी सोबत आणा. शिकवायला आम्ही बसतो.