विश्लेषण : कालवडीची ‘हमी’ 90 टक्के, पण गाय गाभण राहील का?

भंडारा : ‘या मात्रेने कालवडच होते’ हे वाक्य आता गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर ऐकू येते. वीर्यातील नर-मादी शुक्राणू वेगळे करण्याच्या स्वदेशी तंत्राचा प्रारंभ पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 5 ऑक्टोबर 2024 रोजी विदर्भातच, वाशीममध्ये झाला. यामुळे मात्रेमागे सुमारे 200 रुपयांची बचत होईल, असे केंद्राने तेव्हा सांगितले होते. विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पाही 19 जिल्ह्यांत राबवला जात आहे. पण धान, तणस आणि दोन-चार जनावरे अशी शेती असलेल्या भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात हे तंत्र कितपत चालेल, याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. ते गोठ्यात आहे.

नर-मादी वेगळे कसे करतात?

वासराचे लिंग वळूच्या शुक्राणूवर ठरते. ‘एक्स’ शुक्राणू आला तर मादी, ‘वाय’ आला तर नर. गोवंशात ‘एक्स’ शुक्राणूत ‘वाय’पेक्षा जेमतेम 3.8 टक्के डीएनए जास्त असतो. शुक्राणूंना चमकणारा रंग देऊन ते एकेक करून लेझरसमोरून सोडले जातात. ज्यात डीएनए जास्त तो जरा जास्त चमकतो. मग त्या थेंबाला विद्युतभार देऊन वेगळ्या नळीत वळवले जाते. अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी या पद्धतीने जन्मलेली पहिली पिल्ले 1989 मध्ये जगासमोर आणली, आणि ती होती सशाची! गोठ्यापर्यंत पोहोचलेले बहुतेक तंत्र आधी प्रयोगशाळेतील सशा-उंदरांवरून गेलेले असते.

मग 90 टक्क्यांचा अर्थ काय?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. जन्मलेल्या 100 वासरांत सुमारे 90 माद्या, एवढाच त्याचा अर्थ आहे. रेतन केलेल्या 100 गायींपैकी 90 जणींना कालवड होईल, असा नाही.

साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात, तर लिंगवर्गीकृत कांडीत 20 लाखांच्या आसपास. त्यातही रंग, लेझर आणि दाब सोसून आलेले शुक्राणू थकलेले असतात. त्यामुळे गाभण राहण्याचे प्रमाण साध्या मात्रेपेक्षा कमीच राहते.

समजण्यापुरते आकडे घेऊ. साध्या मात्रेने 100 पैकी 40 गायी गाभण राहिल्या, तर 20 कालवडी मिळतील. लिंगवर्गीकृत मात्रेने 32 राहिल्या, तर सुमारे 29 कालवडी. फायदा दिसतो. पण खाद्य कमी, माज चुकलेला, अशा स्थितीत 20 गायीच गाभण राहिल्या, तर कालवडी होतील 18. म्हणजे महागडी मात्रा वापरून साध्या मात्रेपेक्षा कमी! शिवाय 80 गायी रिकाम्या. गाय उलटली की पुढच्या माजापर्यंत 21 दिवस थांबावे लागते, आणि ते 21 दिवस तिला खायला घालावेच लागते.

भंडाऱ्यात अडचण कुठे?

साकोली, लाखनी, लाखांदूरच्या पट्ट्यात जनावरांचा मुख्य चारा म्हणजे तणस. पोट भरते, पण अंग भरत नाही. तणसात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. त्यातला सिलिका पचनाला आडवा येतो आणि ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. अशा जनावराचा माज उशिरा येतो, अस्पष्ट येतो किंवा येतच नाही. हिरवा चारा, थोडी ढेप आणि रोजचे क्षार मिश्रण मिळाले तरच पुढची चर्चा अर्थाची. अनुदान मात्रेवर आहे, पण मात्रेचे यश ठरते चाऱ्यावर. धोरणातील हा विरोधाभास ठळक आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. गायीचा माज साधारण 12 ते 18 तास टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा जुना नियम. लिंगवर्गीकृत मात्रेत वेळ चुकवायला वाव आणखी कमी, कारण शुक्राणू थोडे आणि त्यांचे आयुष्यही कमी. रोवणीच्या दिवसांत घरातले सगळे बांधीत असताना माजावर लक्ष कोण ठेवणार? म्हशीचे तर अजून कठीण. उन्हाळ्यात तिचा माज ‘मुका’ असतो, ती ओरडत नाही.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. कांडी उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते. पात्रातील नायट्रोजन उतरला किंवा कांडी फार वेळ बाहेर राहिली, की आतले शुक्राणू मरतात. वरून कांडी तशीच दिसते.

कोणत्या जनावराला वापरावी?

निरोगी, वजन भरलेली कालवड किंवा नियमित माजावर येणारी दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय. वारंवार उलटणाऱ्या गायीवर ही मात्रा म्हणजे पैसे पाण्यात. वळूचा क्रमांक आणि जात कांडीवर छापलेली असते. ती पाहून जनावराच्या 12 अंकी बिल्ल्यावर नोंद करून घ्यावी. दर्जा घसरलेल्या वळूची कालवड ही शेवटी कमी दुधाचीच कालवड.

गाय आणि म्हैस यांचे गणितही एक नाही. राज्यात 2015 पासून बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. ट्रॅक्टर आल्याने बैलाला मागणी नाही, त्यामुळे संकरित गोऱ्हा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. ही बंदी म्हशींना लागू नाही, रेड्याला बाजार आहे. त्यामुळे कालवडीची निकड गायीत जास्त.

टेस्ट ट्यूब वासरू म्हणजे काय?

उत्तम दाता गायीच्या अंडाशयातून सुईने बीजांडे काढायची, प्रयोगशाळेत फलित करायची आणि सात दिवसांचा भ्रूण दुसऱ्या गायीच्या गर्भाशयात सोडायचा. गावठी गायीच्या पोटी गीर वासरू जन्मते ते असे. सांभाळणाऱ्या आईचे गुण त्यात उतरत नाहीत. वॉल्टर हीप यांनी 1890 मध्ये सशांवर हेच दाखवले होते. राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये खात्रीशीर गर्भधारणेमागे 5 हजार रुपयांचे साहाय्य आहे. तरीही दोन-तीन जनावरे असलेल्या घरासाठी ही वाट अजून लांबची.

काठाणीचे काय?

पूर्व विदर्भातील काठाणी गोवंशाची राष्ट्रीय पातळीवर जात म्हणून नोंद झाली आहे. दूध बेताचे, पण चिखलाच्या बांधीत ओढायला हा बैल पक्का. देशातील 2019 च्या पशुगणनेत 19.25 कोटी गोवंशापैकी 14.51 कोटी माद्याच होत्या. म्हणजे नर घटण्यासाठी या तंत्राची वाट पाहावी लागली नाही. लिंगवर्गीकृत मात्रांचा भर गीर, साहिवाल, जर्सी, होल्स्टीन आणि मुऱ्हा यांवर आहे. काठाणी गायीला जर्सीची मात्रा दिली, तर पुढच्या पिढीत बहुधा कालवड मिळेल, पण ती काठाणी नसेल. तिला तणसावर भागणारही नाही.