पाटाबरोबर विसारही द्यावा

श्रींची मूर्ती उत्तरपूजेनंतर जळात विरघळते, तो मांगल्याचा निरोप होय. परंतु प्राणप्रतिष्ठेपूर्वीच ती पुराच्या पाण्यात विरघळली तर? शास्त्रदृष्ट्या तोवर ती केवळ मृत्तिका असते. मूर्तिकाराच्या घरी मात्र ती वर्षाची भाकरी असते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरच्या कुंभारवस्त्यांत शिरले, तेव्हा चतुर्थी महिन्यावर आली होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याला झोडपले. टाळेबंदीने आधीच गांजलेल्या पेणच्या मूर्तिकारांवर हा दुसरा घाव होता. २०२१ च्या जुलैत कोल्हापुरास पुन्हा महापुराने वेढले. हा निव्वळ दैवयोग नव्हे. आषाढ-श्रावणात पाऊस ऐन भरात असतो आणि कारखानेही त्याच वेळी मूर्तींनी भरलेले असतात. संकटाचा काळ पंचांगातच दिसतो. मग तयारी आधी का नसावी?

माती, रंग, मजुरी यांसाठी मूर्तिकार हंगामापूर्वी कर्ज काढतो. शाडूची मूर्ती भिजली की चिखल होतो. कर्ज मात्र भिजत नाही. साचे वाहून गेले तर पुढचा हंगामही हातचा जातो. म्हणून साचे आणि मागणीची वही सखल जागी ठेवू नये, माळे उंच बांधावेत, कारखान्याचा विमा उतरावा. पण हे सर्व एकट्या मूर्तिकाराच्या खिशाला झेपणारे नाही.

येथे भाविकांचे कर्तव्य सुरू होते. कोकणात मूर्तीसाठी घरचा पाट मूर्तिकाराकडे आधी नेऊन देण्याची रीत आहे. त्या पाटाबरोबर विसारही द्यावा आणि पुराने मूर्ती गेली तर तो परत मागू नये. त्या वर्षी लहानशी, साधी मूर्ती आनंदाने पुजावी. मंडळांनी वर्गणीतील काही भाग मूर्तिकारांच्या संकटनिधीसाठी राखावा. देवस्थानांनी आपले उंचावरील सभामंडप पाणी चढण्यापूर्वीच मूर्ती ठेवण्यास खुले करावेत.

आरास एक वर्ष साधी झाली म्हणून श्रींची सेवा उणी होत नाही. मूर्तिकाराने कंटाळून धंदा सोडला, तर मात्र पुढील वर्षी आपला पाट कोणाच्या दारी न्यावा, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहील.