दम करा, पण गाडीत

दोन वर्षांच्या लेकराला अचानक आकडी येते, आणि मुकुंदनगर असो की श्रीरामपूर, घरात ठरतं काय? आधी नजर उतरवू, सकाळी बघू!

दुआ जरूर करा. पण दवाखान्याच्या वाटेवर. उंट आधी बांधा, मग तवक्कुल, ही शिकवण पैगंबरांचीच (स.). आकडी, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळे पडणं, काहीच न पिणं, हाकेला ओ न देणं: यांतलं एकही दिसलं तर १०८ लावा. ही रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून मोफत धावते.

आणि निर्णय आईला घेऊ द्या. बाळ रोज तिच्या मांडीवर असतं. सासऱ्यांच्या होकारासाठी तिला ताटकळत ठेवणं कुठल्या दीनमध्ये बसतं? उशिराला तवक्कुल म्हणू नका. ती हयगय आहे.