न मिळालेल्या ब्लॉकचे गणित

३० नोव्हेंबर २०२३ च्या राजपत्रातून रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत एक नवी तरतूद आली. रूळ, सिग्नल आणि विजेच्या तारा यांच्या देखभालीसाठी मार्ग केव्हा व किती वेळ बंद ठेवायचा याचे नियोजन ५२ आठवडे आधीपर्यंत करावे, ते सतत पुढे सरकवत न्यावे आणि ठरल्याप्रमाणे पार पाडावे, असा तिचा आशय आहे. रेल्वेच्या भाषेत हा ‘रोलिंग ब्लॉक’. मुंबईच्या लोकल प्रवाशाला ब्लॉक म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. रविवारच्या मेगाब्लॉकने तो शब्द घरोघरी पोचवला आहे. तरीही उपग्रहाच्या उड्डाणाला बातम्यांत जी जागा मिळते तिचा शतांशही या तरतुदीच्या वाट्याला आला नाही. देखभालीच्या वेळापत्रकामागे संभाव्यताशास्त्राची एक संपूर्ण शाखा उभी आहे, आणि रोजचे लक्षावधी प्रवासी तिच्या उत्तरांवर विसंबून गाडीत बसतात, हे पाहता ही उपेक्षा आश्चर्यकारकच म्हटली पाहिजे.

या शाखेचे आजचे मुख्य साधन म्हणजे विश्वासार्हतेचे सिम्युलेशन करणारे सॉफ्टवेअर. त्यात यंत्रणेचा आराखडा मांडला जातो आणि प्रत्येक घटकाचे आयुर्मान एका संभाव्यता-वितरणाने सांगितले जाते. हे वितरण बहुधा स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल यांच्या नावाचे असते. मग कामे नेमून दिली जातात : बिघाड झाल्यावरची दुरुस्ती, बिघाडाआधीची प्रतिबंधात्मक देखभाल, आणि घटक न उघडता त्याची प्रकृती पाहणारी तपासणी. काम दिनदर्शिकेनुसार करायचे की घटकाच्या वापरानुसार, त्यासाठी यंत्रणा थांबवावी लागते का, शेजारचा घटक बंद असताना याचेही काम उरकून घ्यायचे का, माणसे व सुटे भाग किती, हे सारे भरले की संगणक त्या यंत्रणेची हजारो काल्पनिक आयुष्ये जगून दाखवतो. कोणत्या वेळापत्रकाने बिघाड किती आणि खर्च किती, याचा तक्ता हाती येतो.

जितकी देखभाल अधिक तितकी सुरक्षितता अधिक, हा सार्वत्रिक समज या गणिताने केव्हाच मोडीत काढला आहे. घटक जसजसा जुना होतो तसतशी त्याच्या बिघाडाची शक्यता वाढत असेल, तरच तो मुदतीने बदलण्यात अर्थ असतो. शक्यता वयानुसार बदलतच नसेल, तर चांगला भाग काढून नवा बसवणे हा निव्वळ खर्च. आणि नव्या भागांतच सुरुवातीचे दोष अधिक असतील, तर तो खर्च करून धोका विकत घेतल्यासारखे होते. अमेरिकेतील युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी १९७८ मध्ये विमानांच्या घटकांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा ठरावीक वयाला बदलून ज्यांचा फायदा होऊ शकेल असे घटक त्यांना जेमतेम ११ टक्के आढळले. तेव्हापासून भर मुदतबंद बदलावरून तपासणीकडे वळला.

रुळाच्या बाबतीत तर तपासणीला पर्याय नाही. पोलादाच्या पोटात जन्मलेली सूक्ष्म भेग डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक चाकाच्या भाराने ती किंचित वाढते, आणि जितकी मोठी होते तितकी अधिक वेगाने वाढते. अल्ट्रासॉनिक उपकरणाला ती दिसू लागण्याचा क्षण आणि रूळ तुटण्याचा क्षण यांच्यामध्ये एक कालखिडकी असते. ती दिवसांत मोजण्यापेक्षा त्या रुळावरून गेलेल्या एकूण वजनात, म्हणजे दशलक्ष टनांत मोजणे अधिक योग्य. या खिडकीत तपासणीची संधी किती वेळा मिळते, त्यावर सारे अवलंबून असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, ही खिडकी ४० दशलक्ष टनांची आहे आणि तपासणी दर ८ दशलक्ष टनांनी होते. म्हणजे भेग पकडण्याच्या ५ संधी. प्रत्येक संधीत ती सापडण्याची शक्यता ८० टक्के धरली, तर पाचही वेळा ती निसटण्याची शक्यता ०.२ चा पाचवा घात, म्हणजे १०,००० भेगांमागे सुमारे ३. आता ३० टक्के तपासण्या झाल्याच नाहीत असे धरू. प्रत्येक संधीचे यश ८० वरून ५६ टक्क्यांवर येते आणि निसटणाऱ्या भेगा १०,००० मागे सुमारे १६५ होतात. तपासण्या तिसऱ्या हिश्श्यानेही घटलेल्या नाहीत, आणि धोका मात्र पन्नास पटींनी वाढला.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. वरच्या हिशेबात तपासण्या यदृच्छया चुकतात असे गृहीत धरले. प्रत्यक्षात त्या तशा चुकत नाहीत. ज्या मार्गखंडावर गाड्यांची गर्दी अधिक, तिथेच ब्लॉक मिळणे कठीण. आणि गर्दी अधिक म्हणून भेगाही तिथेच लवकर वाढतात. टोकाची स्थिती कल्पून, तेच ३० टक्के ‘सदैव वगळल्या जाणाऱ्या ३० टक्के मार्गांवर’ एकवटले असे मानले, तर निसटणाऱ्या भेगा १०,००० मागे ३,००० वर जातात. कागदावर तिन्ही वेळापत्रके एकच आहेत. शेवटच्या दोन स्थितींत तर पूर्ततेची सरासरीही तंतोतंत तीच, ७० टक्के.

३० टक्के हा आकडा हवेतून आणलेला नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अर्थात कॅगचा, रेल्वे रुळावरून घसरण्याच्या घटनांवरील अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे आला. रुळांची भूमिती व स्थिती नोंदवणाऱ्या ट्रॅक रेकॉर्डिंग कारच्या तपासण्यांत त्याला ३० ते १०० टक्के तूट आढळली. ही तपासणी अल्ट्रासॉनिक तपासणीहून वेगळी आहे, हे खरे. पण वेळापत्रक आणि वास्तव यांतील दरी किती रुंद असू शकते, याचा अंदाज तीवरून येतो. त्याच अहवालात, रुळांची देखभाल करणारी यंत्रे बिनकामाची उभी राहण्याची कारणे दिली आहेत : परिचालन विभागाने ब्लॉक न देणे ३२ टक्के, विभागांनी ब्लॉकचे नियोजनच न करणे ३० टक्के. माणसे उपलब्ध नसणे हे कारण अवघे ५ टक्के.

ब्लॉक न मिळाल्यावर काय घडू शकते, हे १९ ऑगस्ट २०१७ रोजी उत्तर प्रदेशातील खतौलीजवळ दिसले. रुळाच्या दुरुस्तीसाठी मागितलेला ब्लॉक मिळाला नव्हता. काम तरीही सुरू झाले आणि पुरीहून हरिद्वारला जाणारी उत्कल एक्स्प्रेस वेगात त्या जागी पोचली. २० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. दोष कोणा कर्मचाऱ्याचा, यावर पुष्कळ चर्चा झाली. मागितलेल्या ब्लॉकांपैकी किती नाकारले जातात, ही चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली.

परिचालन विभागाला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. देशातील कित्येक मार्गखंडांवर क्षमतेहून अधिक गाड्या धावतात. तीन तास मार्ग बंद ठेवायचा तर कोळसा अडतो, परीक्षेला निघालेला विद्यार्थी अडतो, आणि त्याची ओरड त्याच दिवशी ऐकू येते. न तपासलेली भेग मात्र ओरडत नाही. म्हणून नकाराची किंमत आकड्यांत मांडून दाखवणारे साधन नियंत्रण कक्षात हवे : हा ब्लॉक आज पुढे ढकलला तर या मार्गखंडावरचा धोका इतका वाढतो आणि दुसऱ्यांदा ढकलला तर इतका. सिम्युलेशनला हे अवघड नाही. काम वेळेवर सुरू होण्यास अटी घालण्याची, ते लांबवण्याची, अर्धवट सोडण्याची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये करता येते. अडचण इतकीच की त्या रकान्यात भरायला आकडे लागतात, आणि ते नसले की मुदत आली म्हणजे काम झाले असे मानून प्रतिमान पुढे जाते.

५२ आठवड्यांच्या नव्या नियोजनातून हेच आकडे निर्माण होऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक मार्गखंडाची नोंद हवी : ब्लॉक किती मिनिटांचा मागितला, किती मिनिटांचा मिळाला, किती उशिरा मिळाला, नाकारला असेल तर कोणत्या कारणाने आणि सलग कितव्यांदा. संपूर्ण विभागाची एक सरासरी टक्केवारी पुरेशी नाही. ती काय लपवू शकते, ते वरच्या हिशेबात आलेच आहे. ही नोंद दर तिमाहीला सार्वजनिक झाली, तर विद्यापीठांतील संशोधकांना तिच्यावर स्वतंत्रपणे सिम्युलेशन चालवून रेल्वेचे वेळापत्रक ताडून पाहता येईल. त्यात गोपनीय असे काहीच नाही. मेगाब्लॉकच्या वेळा तर दर आठवड्याला वर्तमानपत्रांत छापूनच येतात. रद्द झालेल्या ब्लॉकांची यादी तेवढी कुठे छापली जात नाही.