बारगीर, शिलेदार आणि तिसरा कोणी

'मुलगा परमनंट आहे ना?' हा प्रश्न विदर्भात लग्नाच्या बोलणीत अजूनही पगाराच्या आकड्याच्या आगेमागेच विचारला जातो. माहिती-तंत्रज्ञानात काम करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला याचे सरळ उत्तर देता येत नाही. तीन वर्षे एका कंपनीत कायम, मग दीड वर्ष परदेशी ग्राहकांसाठी घरून स्वतंत्र काम, त्यानंतर पुन्हा नोकरी; मध्ये पुणे, बंगळूर, नागपूर अशी मुक्कामांची रांग. वडीलधाऱ्यांना यात धरसोड दिसते, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांना नव्या पिढीची स्वातंत्र्याची ओढ दिसते. दोन्ही निदाने मला अपुरी वाटतात. कारण दोन्हींत माणसाच्या स्वभावाची चर्चा आहे. त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेत काय बदलले, याची नाही.

'फ्रीलान्स' या शब्दाचा उगम लढाईत आहे. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' या कादंबरीत (१८१९) तो कोणत्याही सरदाराशी बांधील नसलेल्या भाडोत्री भालाईतांसाठी येतो. आपल्याला मात्र इतके लांब जाण्याची गरज नाही. मराठी फौजेत घोडेस्वारांचे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत. तो पागेचा माणूस. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. त्याचा मोबदला अधिक, पण घोड्याचा दाणावैरणीचा खर्चही त्याचाच. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून गेल्या, तेव्हा यातला 'बारगीर' हा शब्द तिथे 'बर्गी' होऊन बंगाली भाषेत कायमचा राहिला. आज आपण ज्याला नोकरदार आणि मुक्त व्यावसायिक म्हणतो, त्यांच्यातला भेद या जुन्या जोडीने नेमका सांगता येतो: घोडा कोणाचा, आणि तो पडला तर नुकसान कोणाचे?

खापरखेडा हे पागेचे गाव आहे. नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे संच असलेले १३४० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आणि आसपास कोळशाच्या खाणी. या दोहोंनी गावाला पगाराची तारीख दिली, पाळ्यांचे वेळापत्रक दिले आणि वसाहत दिली. क्वार्टर, शाळा, दवाखाना, बदलीचा हुकूम, निवृत्तीचा दिवस – माणसाच्या आयुष्याची मापे इथे संस्थेने आखून ठेवली होती. 'कायम' या शब्दाचा अर्थ केवळ 'काढून न टाकता येणारा' असा नव्हता. पदाबरोबर येणारे हे सगळे त्या एका शब्दात सामावलेले होते. अशा घरातली मुले संगणक शिकून हिंजवडीला किंवा बंगळूरला गेली, तेव्हा आईवडिलांनी त्यांना जी नोकरी लागली तिलाही तोच शब्द लावला. गफलत इथे आहे.

कारण पागा त्याआधीच बदलू लागली होती. २००५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगळ्या कंपन्या झाल्या. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून राज्य शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद झाले. त्याची सल इतकी खोल होती की २०२३ च्या मार्चमध्ये राज्यभर संप झाला. सॉफ्टवेअर कंपन्यांतला 'कायम' तर प्रथमपासूनच पातळ होता. १९७२ च्या कायद्याने उपदानासाठी, म्हणजे ग्रॅच्युइटीसाठी, सलग ५ वर्षांच्या सेवेची अट घातली. दर दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलल्याशिवाय जिथे पगार फारसा वाढत नाही, तिथे कित्येक 'परमनंट' माणसे या हक्कापर्यंत पोचतच नाहीत. २०२२ मध्ये नोकरीबाहेर दुसरे काम करणाऱ्या ३०० जणांना विप्रोने काढून टाकले आणि त्या वागण्याला फसवणूक म्हटले गेले. टाटा कन्सल्टन्सी हे नाव मध्यमवर्गाला सरकारी नोकरीच्या जवळचे वाटे. तिनेही २०२५ च्या जुलैत १२,००० हून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले. एकनिष्ठेची अपेक्षा पागेतल्या बारगिराकडून, आणि आश्वासन मात्र पुढच्या तिमाहीपुरते, असा हा करार आहे.

तेव्हा नोकरी सोडून स्वतंत्र काम धरणारा माणूस सुरक्षिततेकडून धोक्याकडे उडी घेतो, हे वर्णन खरे नाही. तो दोन धोक्यांची तुलना करतो. एकात धोका कंपनीच्या हाती असतो आणि तो कळतो शेवटच्या दिवशी. दुसऱ्यात तो रोज डोळ्यांसमोर असतो. अनेकांना दुसरा अधिक प्रामाणिक वाटतो.

पण शिलेदारी महाग असते. नवे तंत्र शिकण्याचे महिने बिनपगारी, आरोग्यविमा स्वतःचा, भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा वाटा नाही, दोन कामांमधला रिकामा काळ पदरचा. गृहकर्ज देताना बँक नोकरदाराकडे पगारपत्रके मागते आणि स्वतंत्र व्यावसायिकाकडे काही वर्षांची विवरणपत्रे. म्हणून लग्न, घर, आईवडिलांचे आजारपण अशा वळणांवर हीच माणसे पुन्हा पागेत येतात. ज्याला आपण धरसोड म्हणतो, ती बहुतेक वेळा कुटुंबाच्या दिनदर्शिकेने ठरवलेली ये-जा असते.

स्थलांतराचेही तसेच. २०२० च्या टाळेबंदीत वसाहतीतल्या दोन खोल्यांतून परदेशी ग्राहकांची कामे झाली. कंपन्यांनी पुढे हळूहळू माणसे कार्यालयांत परत बोलावली. नागपुरात मिहान आहे, तिथे मोठ्या कंपन्याही आल्या. तरी पुण्याला निवड आहे, म्हणजे एक नोकरी गेली तर चार किलोमीटरवर दुसरी आहे. शिलेदार शेवटी तिथेच वस्ती करतो जिथे मोहिमा जास्त. खापरखेड्याच्या वसाहतीतल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी 'गावाकडे परत' या लोकप्रिय कल्पनेत बसत नाही. क्वार्टर हे घर नसते. वडील निवृत्त झाले की ते रिकामे करावे लागते. ज्याला आपण गाव म्हणत होतो, तेही पदाबरोबर मिळालेले होते आणि पदाबरोबर जाते. मूळ गाव आजोबांपाशीच सुटलेले असते. परत यायचे तरी कुठे?

इथवरची चर्चा ज्याच्याकडे घोडा आहे त्याची झाली. खापरखेड्यातच, त्याच वीज केंद्राच्या फाटकातून, तिसरा एक माणूस रोज आत जातो. तो कंत्राटदाराचा कामगार. कोळसा, राख, साफसफाई, देखभाल ही कामे तो करतो. ठेकेदार बदलतो, काम तेच राहते. त्याच्याकडे पागेची हमी नाही आणि विकता येईल असा स्वतःचा घोडाही नाही. तरीही आपल्या बोलण्यात अमेरिकेतल्या कंपनीसाठी तासाच्या दराने काम करणारा अभियंता आणि हा कामगार, दोघेही 'कॉन्ट्रॅक्टवर' असतात. एकाने ते निवडलेले आहे, दुसऱ्यावर ते लादलेले आहे. एक शब्द दोघांना झाकून टाकतो. स्वतंत्र कामाचे गोडवे गाताना या झाकपाकीचा उपयोग कोणाला होतो, हे ओळखणे अवघड नाही.

हा लेख वाचणाऱ्या अनेकांना तो तिसरा माणूस आरशात दिसत असेल. मराठीच्या कित्येक विभागांत आज तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक शिकवतात: दर वर्षी नवी मुलाखत, तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत काहीच नाही. नेमाड्यांचा चांगदेव पाटील एका गावच्या महाविद्यालयातून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जात राहतो. त्याच्या या बिऱ्हाडे हलवण्यात आपण अस्तित्ववाद पाहिला, परात्मता पाहिली. ते पाहणे योग्यच होते. पण ती कादंबरी आज वर्गात शिकवणाऱ्याचा स्वतःचा करार मार्चअखेर संपत असेल, तर नोकरीच्या अटी हाही समीक्षेचा विषय व्हायला हवा. गिरणगावाचा कामगार मराठी साहित्यात आला, शाळामास्तर आणि कारकून आले. पागा आणि मोहीम यांच्यामध्ये ये-जा करणारा हा माणूस अजून पुरेसा आलेला नाही, कारण त्याच्यासाठी आपल्याकडे धड शब्दही नाही.

२०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतबंद नोकरी करणाऱ्याला एका वर्षानंतर उपदानाचा हक्क दिला आहे आणि मालक-नोकर नात्याबाहेर काम करणाऱ्यांचीही दखल घेतली आहे. दिशा बरोबर आहे: विमा, निधी, आजारपणाची रजा हे पदाला चिकटलेले नसावे, माणसाबरोबर चालावे. तसे झाले तर अभियंत्याची ये-जा खरोखर निवड ठरेल, आणि राखेच्या तलावावर काम करणाऱ्यालाही निवडीची पहिली पायरी मिळेल. तोवर लग्नाच्या बोलणीत 'परमनंट आहे का' याऐवजी 'घोडा पडला तर काय सोय आहे' असे विचारलेले बरे. त्या प्रश्नाला निदान खरे उत्तर देता येते.