पैसे परत, की पुढच्या वर्षी?

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या महिला मंडळाने बायकांसाठी पाच किलोमीटरची दौड ठेवली होती. मॅरेथॉन म्हणायचं ते आपलं हौसेनं, खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटरची असते! फी २०० रुपये. २१२ जणींनी नावं दिली. आणि आदल्या रात्री असा पाऊस कोसळला की ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं. पोलिसांनी परवानगी काढून घेतली. सकाळी सहाला पटांगणात आम्ही चौघी छत्र्या धरून उभ्या आणि मागे भिजलेला मंडप.

तिथल्या तिथे ठरलं, पैसे परत नाहीत, पण याच फीवर पुढच्या वर्षी पळता येईल. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला तो निर्णय उदारच वाटला होता.

चार दिवसांनी एक बाई दारात आल्या. घरोघरी पोळ्या करतात. स्वतःची आणि लेकीची मिळून ४०० रुपये फी भरलेली. म्हणाल्या, "ताई, पुढच्या वर्षी लेक सासरी असेल. तिच्यासंगं पळायचं म्हणून तर नाव घातलं होतं. पुढच्या वर्षाचं मी काय करू?" मी त्यांना चहा दिला, पैसे नाही दिले. त्या गेल्यावर मात्र चैन पडेना.

माझा भाचा पुण्यात नोकरी करतो आणि पहाटे उठून पळतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, याच प्रश्नानं न्यूयॉर्कलाही घाम फोडला होता."

झालं होतं असं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ तिथे धडकलं. ४ नोव्हेंबरला तिथली प्रसिद्ध मॅरेथॉन. महापौर ब्लूमबर्ग आधी म्हणाले, होणारच. पण शर्यत जिथून सुटते त्या स्टेटन आयलंडवरच माणसं दगावलेली, घरं वाहून गेलेली. लोकांच्या घरात वीज नाही आणि सेंट्रल पार्कात मॅरेथॉनसाठी जनरेटर! लोक खवळले. शेवटी दोन दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी शर्यत रद्द झाली. तोवर देशोदेशीचे धावपटू येऊन पोचलेही होते. परदेशी माणसाची फी ३४७ डॉलर, विमान आणि हॉटेल वेगळंच. (यातले कित्येक जण त्या रविवारी पाठीवर सामान घेऊन स्टेटन आयलंडवर मदतीला गेले, हेही सांगायला हवं.)

आयोजकांचा नियम आपल्यासारखाच, पैसे परत नाहीत. पण डिसेंबरमध्ये त्यांनी तीन पर्याय दिले. फी परत घ्या, नाहीतर पुढच्या तीन वर्षांपैकी एका वर्षी हक्काची जागा घ्या, नाहीतर मार्च २०१३ च्या अर्ध्या मॅरेथॉनला पळा. मेख अशी, की जागा घेतली तरी फी पुन्हा भरायची. आणि पैसे घेतले तर हक्काची जागा गेली, पुन्हा सोडतीत नशीब आजमवा. म्हणजे फुकट काहीच नव्हतं. तरी त्यातली एक गोष्ट मला पटली. निवड पैसे भरणाऱ्याची होती. आम्ही मात्र २१२ जणींच्या वतीनं परस्पर ठरवून मोकळ्या झालो होतो.

शिवाय 'पुढचं वर्ष' म्हणजे काय हो? २०२० मध्ये करोनामुळे टोकियोनं सामान्य धावपटूंची शर्यत रद्द केली. फी परत दिली नाही, पुढच्या वर्षीची जागा दिली, तीही पुन्हा पैसे भरून. ते पुढचं वर्ष उजाडलं मार्च २०२२ ला! बोस्टननं त्याच २०२० मध्ये सगळी फी परत केली होती. आपली मुंबई मॅरेथॉनसुद्धा जानेवारी २०२० नंतर रस्त्यावर आली ती थेट जानेवारी २०२३ ला. एवढ्या काळात बाईच्या आयुष्यात काय काय होतं! बाळंतपण, नवऱ्याची बदली, सासूबाईंचं आजारपण, स्वतःचे गुडघे. 'यंदा जमतंय' असं वर्ष आपल्या वाट्याला क्वचितच येतं.

आयोजकांची बाजूही खरी आहे. टीशर्ट आणि मेडल आधीच येऊन पडलेले, त्याचे दर बाईमागे १२० रुपये गेले होते. मंडप, बॅनर गावातल्या दुकानदारांनी दिलेल्या जाहिरातींतून निघाले. म्हणजे ८० रुपये शिल्लक होते. मी पुन्हा बैठक बोलवायला लावली. दोन तास वाद झाला. "इतक्याशा पैशांसाठी कोण येणार?" असं एक जण म्हणाली, तेव्हा मला जरा रागच आला. शेवटी ठरलं, टीशर्ट, मेडल आणि ८० रुपये घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी फुकट पळा.

१३६ जणी पैसे घेऊन गेल्या. काही जणी इतक्या संकोचून, जणू उसने मागायला आल्यात. मैत्रिणींनो, दौड असो, सहल असो की शिबिर, पावती घ्या आणि रद्द झालं तर काय, हे पैसे भरण्याआधी विचारा. एकतर्फी, अन्याय्य अटींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दाद मागता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पोळ्या करणाऱ्या बाई १६० रुपये आणि दोन टीशर्ट घेऊन गेल्या. यंदाचा फॉर्म छापायला टाकताना मी वरच दोन ओळी घातल्या, दौड रद्द झाल्यास पैसे किंवा जागा, निवड तुमची. प्रेसवाले भाऊ म्हणाले, "वहिनी, हे लिहिलंत तर बायका पैसे मागायला येतील." म्हटलं, येऊ देत.